कासरा कुणी ओढला

“ॲडमिन भाऊ, नमस्कार. मी बाजीराव मंडल्यांची बायको बोलतीया, छबूबाई. तुमचं नाव मला ठावं न्हाई, म्हणून भाऊ म्हणते. येत्या रविवारी आमच्या मान्साला गाडी घिऊन मैदानात जायाचं हाय. तुमच्या पेजवरची पोरं म्हणत्यात, उतरला की पाय मोडायचं. तुमी ते लिवल्यालं पुसा असं मी म्हणत न्हाई, सगळ्यांनी वाचून झालंय. पर त्यातला त्यो एक शब्द तेवढा बदला. दुसरा कुठलाबी जरा बरा शब्द घाला. तुमी शिकल्यालं हायसा, तुमाला सुचंल.”

शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी हा मेसेज ऐकला. कानात हेडफोन आणि समोर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक. तो ॲडमिन भाऊ मी होते.

चार वर्षं झाली या गोष्टीला. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, चिमण्या नावाचा शर्यतीचा बैल होता. वासरू असताना एवढंसं होतं म्हणून आईनं ते नाव ठेवलं. पुढं तो गोठ्याच्या दारात मावेना असा झाला तरी नाव तेच राहिलं. शर्यतींवरची बंदी उठली आणि पहिल्याच वर्षी त्यानं सहा मैदानं मारली. मी फेसबुकवर ‘चिमण्या फॅन क्लब’ काढला, त्यासाठी वेगळं सिम घेतलं, आणि वर्षभरात बेचाळीस हजार लोक जमले. पेजवर माझं नाव नव्हतं. बैलगाड्याच्या नादात एखादी मुलगी असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. सगळे मला दादा म्हणायचे, भाऊ म्हणायचे, कुणी वाघ म्हणायचे. मलाही ते आवडायचं. घरात भाकरी करपली म्हणून आईची बोलणी खाणारी नीलम शिरतोडे तिकडं बेचाळीस हजारांची वाघ होती.

असल्या पेजांची इज्जत एकाच गोष्टीवर ठरते, निकालाची पोस्ट पहिली कुणाची पडली. धुरळा खाली बसायच्या आत लिहायचं असतं. जो दहा मिनिटांनी लिहितो त्याला कोण विचारतो?

आधीच्या रविवारी हिंगणमाळच्या मैदानात सेमीला चिमण्याची गाडी सगळ्यांच्या पुढं होती. आमच्याकडं बायका मैदानात जात नाहीत, म्हणून मी घरी मोबाईलवर लाईव्ह बघत होते. झेंडा पन्नास पावलांवर राहिला असताना गाडीवानानं, म्हणजे बाजीरावकाकांनी, उठून चिमण्याचा कासरा मागं ओढला. स्पष्ट दिसलं. गाडी मंदावली, आणि शेजारची गाडी झेंड्यापलीकडं गेली. मी रडत होते आणि लिहीत होते. दोन मिनिटांत पोस्ट पडली:

‘चिमण्या हरला नाही. चिमण्याला विकलं. कासरा कुणी ओढला ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलंय.’

खोटं कशाला बोलू, मला ते वाक्य फार आवडलं होतं. लोक ते पुढं पाठवत होते आणि मी पुन्हा पुन्हा वाचत होते. बाजीरावकाका कोण, हे मी त्या दोन मिनिटांत विसरले होते. बंदीच्या आधीपासून अण्णांचे बैल तेच हाकायचे. चिमण्याला पहिल्यांदा गाडीला जुंपलं तेव्हा कासरा त्यांच्याच हातात होता. मी दहावी पास झाले तेव्हा पेढे घेऊन सायकलवरून आलेला हा माणूस. तो आणखी तीन मालकांचे बैल हाकायचा; आठवड्यात त्यातल्या दोघांनी त्याला गाडीवरून उतरवलं. तिसऱ्यानं अजून उतरवलं नव्हतं, म्हणून हा रविवार.

मी पुस्तक मिटलं आणि शब्द शोधायला बसले. ‘विकलं’ खोडून ‘घात झाला’ लिहिलं. ते आणखीच वाईट. ‘निर्णय चुकला असावा’ हे लिहिल्यावर मलाच हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली. शेवटी जुनी पोस्ट काढून टाकली आणि नवी टाकली:

‘भावनेच्या भरात वापरल्या गेलेल्या शब्दाबद्दल दिलगीर आहोत. सर्व चाहत्यांनी शब्द जपून वापरावेत ही नम्र विनंती.’

पाच मिनिटांत खाली रांग लागली. ‘ॲडमिन, तुला किती पोचले?’ ‘ॲडमिन पण विकला गेला राव.’ ‘आता कळलं कुणाकुणात वाटणी झाली.’ आणि एकानं लिहिलं होतं, ‘शब्द जपून वापरतो दादा. रविवारी काठी पण जपूनच वापरू.’ त्याला तीनशे जणांनी हसून दाखवलं होतं.

आठवडाभर त्या शब्दानं मला काही झालं नव्हतं. आता तोच माझ्यावर आला तर मी मोबाईल पालथा घातला. नाव नसलेल्या माणसालाही शिवी लागते, हे मला तेव्हा कळलं. बाजीरावकाकांना तर नाव होतं, गाव होतं, बायको होती.

शनिवारी सकाळी आईला लायब्ररीचं सांगून मी स्कूटी काढली आणि सात किलोमीटरवरची मंडल्यांची वस्ती गाठली. काका अंगणात मोटारसायकलपाशी उकिडवे बसले होते. पुढचा दिवा फुटला होता आणि ते त्याच्या काचा वेचत होते. छबूकाकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

“आगं, नीलम!” काका उठले. “अण्णांनी धाडलं व्हय?”

“नाही काका. मीच आले. दिवा कशानं फुटला?”

“काल बाजारात लावली हुती. कुणीतरी दगड घातला.” ते हात झटकत म्हणाले. “बस की. छबू, च्या टाक.”

“चहा नको. काका, ते पेज माझं आहे.”

“कसलं पेज?”

छबूकाकूंचा हात थांबला होता. मी त्यांच्याकडं वळले. “काकू, ॲडमिन भाऊ म्हणजे मी. तुमचा मेसेज मलाच आला.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. “मी तुला भाऊ म्हणले,” त्या हळू म्हणाल्या. “कुणीतरी परका हाय, त्येला आमची काय ओळख, म्हणून हात जोडले. तू आमच्या चुलीवरचं खाल्लंयास पोरी.” आणि उठून घरात गेल्या.

काका ओट्यावर बसले. “मला वाचता येत न्हाई नीट. लोकांकडनंच ऐकलं. तूच वाच बगू, काय लिवलं हुतंस ते.”

“राहू द्या काका.”

“वाच की. लिवलंस न्हवं?”

मी मोबाईलमध्ये त्या काढून टाकलेल्या पोस्टचा फोटो उघडला. ‘चिमण्या हरला नाही’ एवढं वाचलं. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. दोन मिनिटांत खाटखाट लिहिलेला शब्द, पण समोर तो माणूस बसलाय, त्याच्या बोटाला काच लागून रक्त आलंय, आणि आपण त्याला तो शब्द ऐकवायचा. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी मला सोडवलं नाही.

“न्हाई येत न्हवं?” शेवटी ते म्हणाले. “मग लिवताना कसा आला?”

मी काल रात्री तयार केलेलं नवं वाचून दाखवायला लागले. ‘गैरसमजातून निर्माण झालेल्या वादावर पडदा टाकून...’

“थांब.” त्यांनी हात वर केला. “ही सोसायटीच्या नोटिशीची भाषा झाली. ही ऐकून कुणाच्या हातातली काठी खाली पडंल व्हय?”

“मग तुम्ही सांगा काय लिहू. कासरा का ओढला ते सांगा. जसं सांगाल तसं लिहिते.”

काकांनी बोटाचं रक्त धोतराला पुसलं. “ते अण्णास्नी इचार.”

“अण्णांना काय विचारू? गाडीवर तुम्ही होता.”

“बैल कुणाचा हाय?”

आतून काकूंचा आवाज आला, “सांगा की एकदाचं! का पाय मोडून घेतल्यावर सांगणार हायसा?”

“छबू, गप.”

“उद्या जाऊ नका काका,” मी म्हणाले. “एवढा एक रविवार जाऊ नका. पाया पडते.”

“आन् न्हाई गेलो तर काय लिवतील? विकला हुता, म्हणून दडून बसला. तू असतीस तर हेच लिवलं असतंस.” ते रागानं बोलले नाहीत. मला त्यांचा राग चालला असता. “जा आता. अण्णास्नी इचार.”

घरी येऊन मी स्कूटी लावली ती थेट गोठ्याकडं गेले. हिंगणमाळहून आल्यापासून अण्णांनी गोठ्यात कुणाला येऊ दिलं नव्हतं. बैल दमलाय, त्याला त्रास देऊ नका, म्हणाले होते. हरण्याचं दुःख असेल असं समजून आम्ही गेलोही नव्हतो. दार लोटलं तर अण्णा खाली बसले होते आणि चिमण्याचा पुढचा डावा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात होता. खुराच्या वर चांगली सूज दिसत होती. चिमण्यानं माझ्याकडं मान वळवली, पण त्या पायावर भार दिला नाही.

“कधीपास्नं दुखतोय पाय?”

“काल-परवापास्नं.”

“अण्णा.”

ते पाणी ओतत राहिले. “हिंगणमाळच्या आदल्या दिशी बाजीनं दाखवलं. म्हणला, खुरात दुखतंय, ह्या येळी नको. मी म्हणलं, फायनलपतूर काढ कसंबी. सेमीत पाय मुडपाय लागला, त्यानं वडला कासरा.”

“आणि पळवायच्या आधी बैल ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, तो?”

“त्यो आधीच काढल्याला.”

माझं डोकं फिरलं. “आणि आठवडाभर लोक काकांना नाही नाही ते बोलत होते, तुम्ही ऐकत बसलात?”

“मी काय बोललो त्याला? लिवलंस तू.”

खरं होतं.

अण्णांनी आवाज खाली आणला. “पुढच्या म्हैन्यात मोठं मैदान हाय. आयुष्यात पैल्यांदा बोलवणं आलंय. दुखता बैल पळवला हे शर्यतीच्या कमिटीला कळलं तर वरीसभर उभं करायचे न्हाईत, पेपरात नाव येईल ते येगळंच. तू लिव की काहीतरी. ‘तांत्रिक अडचण’ म्हणून लिव. तुला शब्दाला काय तोटा हाय?”

“पोरं काठ्या घेऊन बसलीत.”

“पोरं नुसती बोलत्यात.”

“काकांच्या गाडीचा दिवा फोडलाय. त्या काचा मी बघून आले.”

अण्णांचा हात पाण्यातच थांबला. मग ते पुन्हा पाणी ओतायला लागले, आणि मला बापाची इतकी चीड कधी आली नव्हती. आईला हाक मारून सगळं सांगावं असं वाटलं. पण आईला सांगून काठ्या थोड्याच थांबणार होत्या?

मी गोठ्याच्या दारातच बसले आणि लिहिलं. लिहून झाल्यावर, समोर बाजीरावकाका बसलेत असं समजून, मोठ्यानं वाचलं. जिथं अडखळले ते काढलं. ‘दिलगीर’ काढलं, ‘गैरसमज’ काढला, ‘आहोत’ काढलं. उरलं ते एवढंच:

‘मी नीलम शिरतोडे, चिमण्याच्या मालकांची मुलगी. हे पेज मी चालवते. विकलं हा शब्द मी लिहिला. मी मैदानात नव्हते आणि कुणाला विचारलंही नव्हतं. चिमण्याचा पाय दुखत होता. बाजीराव मंडले यांनी कासरा ओढला तो त्याला वाचवायला. उद्या कुणाला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा.’

मोबाईल अण्णांपुढं धरला. ते ओठ हलवत सावकाश वाचत गेले.

“पायाचं काढ.”

“नाही.”

“नीलम, काढ म्हणतो.”

“ते काढलं तर उरतं काय अण्णा? मग पुन्हा नोटीसच झाली की.”

त्यांनी मोबाईल गव्हाणीच्या कडेवर ठेवला आणि बाहेर निघून गेले. मी तो उचलला. मी बटण दाबलं.

मला वाटलं होतं, आता सगळे गप्प होतील. खरं सांगितलं की लोक गप्प होतात असं मला वाटायचं. पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘पोरगी आहे होय? तरीच.’ दुसरी, ‘गाडीवानानं पोरीला पुढं केलं.’ मग ज्या भाषेत त्यांनी आठवडाभर काकांना झोडपलं होतं त्याहून घाण भाषा माझ्यासाठी निघाली. ती इथं लिहीत नाही. चारदोन जणांनी ‘ताई, हिंमत केलीत’ असंही लिहिलं. पण सगळ्यात जास्त लोकांनी उचलून धरलं ते एक वाक्य होतं, ‘बैल अण्णांचा आहे. अण्णा बोलू देत, मग मानू.’

अण्णा त्या संध्याकाळी आमच्याबरोबर जेवले नाहीत. आईनं काय झालं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, एवढंच.

रविवारी सकाळी उठले तर अण्णांची चप्पल नव्हती. आईला म्हटलं, कुठं गेले? “सांगून गेले न्हाईत,” ती म्हणाली. “धुतल्याली टोपी घालून गेलेत.” मला भलभलते विचार यायला लागले. कमिटीकडं जाऊन ‘पोरीचं डोकं फिरलंय, बैल ठणठणीत आहे’ असं सांगायला गेले असतील तर? मग बाजीरावकाकांचं काय राहणार होतं? फोन लावला तर तो आत खुंटीवरच्या सदऱ्यातच वाजला.

दहाला लाईव्ह सुरू झालं. कॅमेरा मैदानाच्या तोंडाशी होता. चिमण्याचं चित्र छापलेले टीशर्ट घालून वीस-पंचवीस पोरं उभी होती. त्या टीशर्टचं डिझाईन मीच केलेलं. बहुतेकांच्या हातात काठ्या होत्या, आणि मैदानात काठ्या असतातच, म्हणून कुणी हटकत नव्हतं. खाली लोक लिहीत होते, ‘आला का?’ ‘अजून नाही.’ ‘येतोय म्हणे, वाटेत आहे.’ आई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती.

मग ती मोटारसायकल दिसली. पुढचा दिवा फुटलेला. बाजीरावकाका चालवत होते, आणि मागं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पांढऱ्या टोपीत अण्णा बसले होते.

“आगं बया,” आई म्हणाली.

पोरांनी गाडीभोवती कडं केलं. कॅमेरावाला धावत जवळ गेला, चित्र हलायला लागलं. अण्णांना गुडघ्याचा त्रास होता, ते उतरताना धडपडले आणि काकांनीच त्यांना धरलं. एक दांडगा पोरगा पुढं आला. पेजवर त्याचे फोटो असायचे, मी त्याला नावानं ओळखत होते.

“अण्णा, तुमी ह्येच्या गाडीवर?”

समालोचकानंही माईक बंद केला होता, म्हणून अण्णांचा आवाज नीट ऐकू आला. “ह्यानं कासरा वडला म्हणून माजा बैल आज चार पायांवर उभा हाय,” ते म्हणाले. “बैल दुखतोय म्हणून मला आदल्या दिशी सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई. पोरीनं लिवलंय ते खरं हाय.”

तो दांडगा पोरगा खाली बघायला लागला. मागच्या दोघांनी काठ्या पाठीमागं नेल्या, आणि कडं हळूहळू सुटत गेलं. काका गाडी ढकलत आत गेले आणि अण्णा त्यांच्याबरोबर चालत गेले. काका त्या दिवशी सेमीतच हरले. त्यांना कुणी बोट लावलं नाही.

कमिटीनं चिमण्याला वर्षभर मैदान बंद केलं. मोठ्या मैदानाचं बोलवणंही गेलं. चिमण्या पुन्हा पळाला नाही. मी पेज बंद केलं. छबूकाकू माझ्याशी बोलतात, पण पहिल्यासारखं नाही, आणि तसं बोलावं असं म्हणायचा मला हक्क नाही.

त्या दुपारी अण्णा घरी आले ते पाय न धुताच गोठ्यात गेले. मी पाणी घेऊन गेले. ते चिमण्याच्या गळ्याला टेकून उभे होते, आणि त्यांचे डोळे लाल होते.

“अण्णा, चुकलं माझं,” मी म्हणाले.

“तुझं चुकलंच,” ते म्हणाले. “तुला काय ठावं नसताना तू दोन मिंटात बोललीस. पर मला सगळं ठावं हुतं पोरी, आन् मला आठ दिस लागलं.”